ताम्हिणी घाट निवांत उतरायचा तर

पुण्याचा चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, मग खाली विळे, निजामपूर आणि माणगाव. अंतर जेमतेम शंभर-एकशेदहा किलोमीटर, पण त्याला अख्खा दिवस द्या. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. पावसाळ्यातला रविवार मात्र टाळाच, तेव्हा धबधब्यांपेक्षा गाड्यांच्या रांगाच जास्त दिसतात.

टाकी पौडपर्यंतच भरून घ्या आणि नकाशा फोनवर उतरवून ठेवा, पुढे रेंजचा भरवसा नाही. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. स्टेपनीतली हवा बहुतेक जण विसरतात.

खरी परीक्षा उतारावर. जो गिअर चढायला लागला असता, तोच उतरायला. अवघड वळणांवर दुसरा, आणि तो वळणाच्या आधीच टाकायचा. पाय सतत ब्रेकवर राहिला की ब्रेक तापतात, जुन्या ब्रेक ऑइलने ओढलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. करपट वास आला तर रुंद, सपाट जागा बघून अर्धा तास थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. इलेक्ट्रिकवाल्यांनी माथ्यावर शंभर टक्के चार्ज घेऊन पोचू नये, भरलेल्या बॅटरीत रीजनला (मोटरनेच वेग कमी करून ती ऊर्जा बॅटरीत परत भरण्याला) जागाच उरत नाही.

न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं, हा समज कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. आजच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. आणि उतारावर इंजिन बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकही जड होतात.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमही तोच आहे. धुक्यात लो बीम लावा, हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. काच आतून धुरकटली तर एसी, बाहेरून धुरकटली तर वायपर, आणि एसी थोडा कमी. कोकणात उतरताना दुसरा प्रकार हमखास होतो. फोटोसाठी वळणावर गाडी लावणाऱ्यांना काय म्हणावं! साईडपट्टीवर शेवाळ असतं, तिथे चाक उतरवू नका.

मुळशी धरणाचं पाणी बघायला तरी थांबाच. याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह लढवला. तुम्ही गिअर बदलत उतरता तो सह्याद्री हे पाणी बोगद्या-पाइपांतून उतरतं, भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिका नदीला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालतं, त्यामुळे ते करायचं असेल तर विळ्याहून कोलाडचा फाटा धरा आणि पाणी सोडायची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा.