माथेरानच्या जुन्या बंगल्यात दुपारचे जेवण: माझा अनुभव

माथेरानमधल्या एका ब्रिटिशकालीन बंगल्याचे आता हॉटेल झाले आहे आणि त्याच्या व्हरांड्यातला भोजनकक्ष मला फार प्रिय आहे. मात्र मुक्कामाला नसलेल्या माणसाला तिथे दुपारी जेवायचे असेल तर आधी नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीने माझा अंत पाहिला.

हॉटेलात फोन उचलणाऱ्या गृहस्थांनी मुंबईच्या ऑफिसकडे बोट दाखवले, मुंबईच्या ऑफिसने ई-मेल करायला लावला आणि ई-मेलचे उत्तर आले ते ‘कृपया हॉटेलच्या व्यवस्थापकांशी संपर्क साधावा’ असे. व्यवस्थापक कधी बाजारात गेलेले असत, कधी जेवायला बसलेले असत, आणि सापडले तेव्हा वीज गेल्यामुळे त्यांना संगणकावर नोंद दिसत नव्हती. आगाऊ रक्कम मात्र मुंबईने तत्परतेने घेतली. अखेर वैतागून मी म्हटले, “व्यवस्थापक राहू द्या, फोन स्वयंपाकघरात द्या.” आचाऱ्याने एवढेच विचारले, “माणसं किती? धानसाक मटणाचं की भाजीचं?” आणि काम झाले.

त्याचे विचारणे रास्तच होते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि भाजी, मटण, गॅसचे सिलिंडर असे सगळे तिथून घोड्यांवर किंवा हातगाड्यांवर वर येते. त्यामुळे आदल्या संध्याकाळपर्यंत माणसांचा आकडा हाती नसेल, तर आयत्या वेळच्या पाहुण्याला तो तरी काय वाढणार? ही साधी गोष्ट मुंबईच्या ऑफिसला ठाऊक नसावी, याचे मला अजून नवल वाटते.

नेरळहून दस्तुरीपर्यंत टॅक्सी सहज मिळाली. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून माथेरानपर्यंतची शटल तेव्हाही सहसा चालू असते. तिच्या तिकिटाच्या रांगेसाठी वेळ हाताशी ठेवावा.

जेवण उत्तमच होते. व्हरांड्याच्या कठड्याशी बसू नये, कारण माकडे थेट ताटावर येतात आणि वाढप्याची काठी उचलली जाईपर्यंत पापड गेलेला असतो. आणखी एक, आधी सांगायचे राहिले: आगाऊ रक्कम शक्यतो देऊच नये, जेवल्यावर तिथेच बिल भरावे. माझ्या रकमेची पावती मुंबईहून अजून यायची आहे.