‘ओढेल की!’ : मिडसाइझ पिकअपमागे ट्रेलर लावताना

‘ओढेल की! आरामात ओढेल.’

डेन्व्हरच्या आसपास ट्रेलर विकणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलंय, की आता नुसतं ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. अहो, ओढेल हे मलाही माहीत आहे. इंजिन ओढतंच. ट्रकच्या मागच्या भागावर भार किती पडणार, एवढंच मला विचारायचं होतं आणि तेवढंच सांगायला कोणी तयार नव्हतं.

झालं असं, की नाशिकहून सासू-सासरे उन्हाळ्यात येणार होते आणि बाबांना यलोस्टोन बघायचं होतं. त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, आईंचे गुडघे कुरकुरतात, आणि दोघांनाही दर दोन-तीन तासांनी घरचा चहा लागतो. मोटेलच्या खोल्या बदलत जाण्यापेक्षा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा असं ठरलं. म्हणजे पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि संडास असलेली चाकांवरची खोली; ट्रकमागे अडकवायची आणि निघायचं. ट्रक आमच्याकडे होताच. टोयोटा टॅकोमा, व्ही-सिक्स, डबल कॅब, फोर बाय फोर, टो पॅकेजसकट (म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी कंपनीनेच बसवलेली जोडणी). ट्रक माझ्या नावावर आहे आणि चालवते मीच.

या ट्रकची ओढण्याची क्षमता ६,४०० पौंड, म्हणजे साधारण २,९०० किलो. पुस्तकात तसं लिहिलंय आणि विक्रेत्यांना हा एकच आकडा पाठ असतो. हा आकडा येतो एसएई जे-२८०७ नावाच्या चाचणीतून. तिच्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ असतो, भर उन्हाळा धरलेला असतो, सगळं खरं. पण ट्रकमध्ये माणसं दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. आम्ही पाच जण. शिवाय प्रेशर कुकर.

दुसरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की दिसतो. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारी पांढरी-पिवळी पट्टी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. माझ्या पट्टीवर १,१२० होतं. हाच पेलोड. प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, त्यामुळे शेजाऱ्याचा किंवा जाहिरातीतला धरू नका. पेट्रोलची भरलेली टाकी त्यात आधीच हिशेबात असते, पण मागाहून बसवलेलं मागच्या हौद्यावरचं झाकण, स्टीलचा बंपर, सगळं त्यातूनच वजा होतं. आणि ट्रेलरचा जो भार हिचवर, म्हणजे जोडणीच्या गोळ्यावर पडतो, तोही याच १,१२० मधून जातो. त्याला टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी ठेवून चालत नाही. पुढचा भाग हलका झाला की ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा डोलायला लागतो.

घरात वजनकाटा आणला. आईंना त्यावर उभं करणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात नाजूक काम होतं (‘व्हिडिओ कॉलवर काय वजन विचारतेस गं?’ मग नाशिकच्या मेडिकलवाल्याकडे जाऊन चिठ्ठी आणली). पाच जण मिळून ६६०. तंबू, खुर्च्या, कूलर, भांडी मिळून ९०. उरले ३७०.

हा ३७० चा कागद घेऊन मी डीलरकडे गेले. जागेचं नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं असं इथले ट्रेलरवाले मित्र सांगतात. त्यांनी दाखवला चोवीस फुटी, मागे बंक बेड, दोन ॲक्सल. ट्रेलर देखणा होता, नाही कशाला म्हणू? पूर्ण भरलेल्या वजनाची मर्यादा ५,८००, माहितीपत्रकात हिच वेट, म्हणजे टंग वेटच, ४९०. ‘तुमची लिमिट ६,४००, हा ५,८००. ओढेल की!’ असं तो विक्रेता म्हणाला. माझ्याकडे नव्हे, माझ्या नवऱ्याकडे बघून. नवरा फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता.

‘हे ४९० गॅस सिलिंडर भरून आहे की रिकामे?’ मी विचारलं.

त्याने माहितीपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. माहितीपत्रकातला आकडा कोरडा असतो. बॅटरी नाही, प्रोपेन नाही, पाणी नाही, एक चमचासुद्धा नाही. पुढच्या दांड्यावर बसणारे वीस पौंडी दोन सिलिंडर भरले की ७५ पौंडांच्या आसपास, बॅटरी आणखी ५०. म्हणजे ६१५ झालेच. त्यात या मॉडेलची पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे होती. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, तीस गॅलन भरलं की अडीचशे पौंड आणि त्यातला बराच भार पुढेच. भरलेल्या ट्रेलरच्या साडेबारा टक्के धरले तर ७२५. माझ्याकडे ३७०. हे मी त्याच्या टेबलावरच, त्याच्याच पेनने मांडून दाखवलं.

‘सिलिंडर भरा, बॅटरी लावा आणि टंग मोजून द्या,’ एवढीच माझी मागणी होती. त्यांच्याकडे त्याचा काटा असतो, वर्कशॉपच्या भिंतीला टेकवलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. उत्तर आलं, सर्व्हिसवाले डिलिव्हरीच्या दिवशी मोजतील. पैसे भरल्यावर मोजून मी काय करू, आरती? मग मॅनेजर आला. तो म्हणाला, कंपनी असे आकडे देत नाही. मी म्हटलं, कंपनीकडून नकोच आहे, तुमच्या काट्यावरून हवाय. तो हसला, पाणी हवंय का म्हणाला, आणि गेला.

तेवढ्यात विक्रेत्याने हुकमाचा पत्ता काढला: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. दोन जाड स्प्रिंग बार असतात, ते ताणून बसवले की मागे दबलेला ट्रक सरळ होतो, पुढच्या चाकांवर भार परत येतो, थोडा ट्रेलरच्या चाकांकडेही जातो. वस्तू उत्तम आहे, मोठ्या ट्रेलरला हवीच. पण दारावरची पट्टी तिने बदलत नाही. उलट तिचं स्वतःचं वजन ऐंशी-नव्वद पौंड, तेही माझ्या ३७० मधूनच. हे सांगितलं तर म्हणतो, ‘मॅम, असे ट्रक असे ट्रेलर घेऊन रोज इथून जातात.’ जात असतील. कसाऱ्याच्या घाटातूनही वाकलेल्या पाट्यांचे ट्रक रोज जातात.

आणि मग तो फॉर्म. बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात मधेच घातलेला. ट्रेलर आणि ओढणारं वाहन एकमेकांना योग्य आहेत याची खातरजमा खरेदीदाराने केली असून जबाबदारी सर्वस्वी त्याची, इथे सही, इथे आद्याक्षरं. म्हणजे आकडा देणार नाही, मोजू देणार नाही, आणि मीच खात्री केली असं मीच लिहून द्यायचं! इथे माझा आवाज चढला हे मान्य. शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं. त्या बाईंनी नंतर पार्किंगमध्ये गाठून पट्टी कुठे असते ते विचारलं, त्यांच्या ट्रकचं दार उघडून दाखवली. त्यांची सही तासाभरापूर्वीच झालेली होती.

आम्ही आधी ठेवलेलं डिपॉझिट परत घेणं हा त्याच प्रकरणाचा पुढचा अंक. पावतीवर ‘रिफंडेबल’ छापलेलं. तरी विक्रेत्याची सुट्टी, मॅनेजर लिलावाला गेलेले, अकाउंट्स दुसऱ्या शाखेत, ट्रेलर ‘प्रेप’ला लागला म्हणून फी कापावी लागेल, असं सगळं ऐकून झालं. प्रतीक्षेच्या खोलीत पॉपकॉर्नचं यंत्र आहे. त्या पॉपकॉर्नचा वास आता मला कुठेही सहन होत नाही. शेवटी पावतीचा फोटो, त्या ओळीवर पिवळी रेघ, आणि ‘नाहीतर कार्डाच्या बँकेकडे तक्रार नोंदवते’ असं एक वाक्य, एवढी ईमेल पाठवली. पैसे मुकाट्याने परत आले, फी न कापता. तेव्हा डिपॉझिट क्रेडिट कार्डानेच द्या. चेकने देऊ नका.

पुढचं सगळं भराभर झालं. ३७० मधून बॉल माउंटचे, म्हणजे जोडणीचा गोळा ज्यावर बसतो त्या दांड्याचे, वीस गेले, उरले ३५०. साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने भरलेला ट्रेलर २,८०० पौंडांपर्यंत चालणार होता. एवढ्यात बसणारे, आणि तरी आत संडास असणारे ट्रेलर मोजकेच. आम्ही सोळा फुटी फायबरग्लासचा जुना स्कॅम्प घेतला. मिनेसोटातल्या बॅकस गावी बनतो, एकच ॲक्सल, गोलसर टप. नेब्रास्कातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतला. त्यांनी स्वतःहून विचारलं, ‘तुमच्या दाराची पट्टी काय म्हणते?’ मला त्यांना नमस्कारच करावासा वाटला. कागदपत्रं, नंबरप्लेट यात सांगण्यासारखं काही नाही. झोपायची सोय अशी, की आई-बाबा आत, आम्ही तिघं तंबूत. लेक खूश, नवरा कमी खूश.

वजन मात्र मी करून घेतलंच. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा गाड्यांचा वजनकाटा असतो, त्यावर कोणीही जाऊ शकतं. पंधरा-एक डॉलर लागतात, लगेच दुसऱ्यांदा केलं तर थोडेच. ट्रकची पुढची चाकं एका पाटीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. बटण दाबून आतल्या माणसाला सांगायचं, खासगी गाडी आहे. माणसं, सामान, सगळं प्रवासाला निघाल्यासारखं भरून जा. मग बाजूला ट्रेलर सोडून नुसता ट्रक परत काट्यावर. दोन्ही वेळच्या ट्रकच्या आकड्यातला फरक म्हणजे टंग वेट. माझा आला ३२०, ट्रेलर एकूण २,६४०. बारा टक्के! ती पावती मी अजून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलीय, आणि हो, मंडळाच्या गणपतीत काही जणांना दाखवलीही आहे.

ब्रेकचं राहिलं. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० वरच. आमचा ३,००० च्या खाली, पण डोंगरात राहून ब्रेकवर पैसे वाचवायचे नसतात. टो पॅकेज असेल तर टॅकोमाच्या डॅशबोर्डखाली कंट्रोलरची, म्हणजे ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डबीची, वायर आधीच असते. रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी वीस-पंचवीस मैलांवर कंट्रोलरची कळ हाताने सरकवायची. ट्रेलरची चाकं घसटली तर जोर थोडा कमी, धक्काच जाणवला नाही तर जास्त. हीच कळ ट्रेलर डोलायला लागला तर वाचवते: ॲक्सिलरेटर सोडायचा, कळ हलकेच दाबायची, पायाचा ब्रेक करकचून मारायचा नाही.

चाचणी म्हणून आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे डिलनपर्यंत जाऊन आलो. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत एक तृतीयांश गायब. चढावर व्ही-सिक्स नुसता किंचाळत होता. उजव्या लेनमधून, मालट्रकांच्या मागे, निवांत गेलो. पलीकडचा उतार सात टक्क्यांचा, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला रॅम्प ठेवलेत. तिथे खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरू द्यायची. तो चोवीस फुटी मागे असता तर, हा विचार तिथे मला आलाच.

प्रवासात खरा त्रास दिला तो वाऱ्याने. वायोमिंगमध्ये लारमी ते रॉलिन्स, एल्क माउंटनजवळ आय-८० वर आडवा वारा असा लागतो, की उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद करतात. निघण्याआधी राज्याच्या रस्त्यांचा नकाशा बघा. आम्ही लारमीला एक दुपार थांबलो आणि सकाळी लवकर निघालो. ट्रेलरच्या ‘एसटी’ टायरची मर्यादा बऱ्याचदा ताशी ६५ मैल असते. तिथे लोक ८० ने जातात. जाऊ द्या त्यांना.

यलोस्टोनमध्ये तंबू असेल तर फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडला आरक्षण करू नका. अस्वलांमुळे तिथे पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात. आम्ही मॅडिसनला होतो. आईंनी पहिल्याच संध्याकाळी दोन बर्नरच्या शेगडीवर वरण लावलं. तेवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजता शिजत नाही, कुकर नेला म्हणून जेवलो.

आणि सांगायचं राहिलं: चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. ट्रेलर सोडण्याआधी चाकांना अडकण लावा, नंतर नाही. ट्रेलर ट्रकपासून सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी जी बारीक तार असते, ती सेफ्टी चेनला नाही, थेट ट्रकला अडकवा. उलटं घेताना स्टिअरिंग खालून धरा, ट्रेलर डावीकडे हवा तर हात डावीकडे. आणि डीलरकडे भेटलेल्या त्या बाईंचा मेसेज आला होता मागच्या आठवड्यात, त्यांनी ट्रक बदलला.