मुगलिंगला डावीकडे

काठमांडू, सोमवार 18 नोव्हेंबर 2024, रात्री

भुसावळ सोडून आज सहा दिवस झाले. बुऱ्हाणपूर, खंडवा, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर, हे सगळं हायवेवर नुसतं पळवत आलो त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गोरखपूरपर्यंत पुरली एवढंच.

परवा सोनौलीला बॉर्डर. पासपोर्ट लागत नाही, कुणी धड थांबवत पण नाही, पण बाइक न्यायची तर भन्सारच्या, म्हणजे कस्टमच्या, खिडकीवर आरसी आणि लायसन्स दाखवून जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे आणि पावती जपून ठेवायची. मी सात दिवसांचे भरले. पावती हातात आली तर सगळी देवनागरीत आणि साल 2081, कारण इकडे सरकारी कामात विक्रम संवत चालतं. मी ती पावती तिथेच उभं राहून दोनदा वाचली. दुसऱ्या देशाचा सरकारी कागद आणि अक्षर आपलं, फक्त पाच, आठ आणि नऊ जरा वेगळे काढतात. तिथून पुढे रस्ताभर गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायचा नादच लागला, लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरात लु, ना, बा, म्हणजे लुंबिनी, नारायणी, बागमती हे इकडचे जुने विभाग. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, शंभरच्या नोटा देऊन एकशे साठच्या हिशोबाने नेपाळी पैसे घेतले आणि निघालो.

बुटवल ते नारायणघाट रस्त्याचं काम चालू आहे, सगळी धूळच धूळ. दाउन्नेच्या चढावर ट्रकमागे फर्स्ट गिअरमध्ये इतका वेळ गेला की डाव्या हाताला क्लच दाबून दाबून पेटके यायला लागले. 1859 मध्ये नानासाहेब पेशवे इंग्रजांपासून लपत याच तराईच्या जंगलात शिरले होते, हे शाळेत वाचलेलं धुळीत मधेच आठवलं. कुठे बिठूर आणि कुठे हे. रात्री नारायणघाटला थांबलो.

काल सकाळी तिथून मुगलिंग, 36 किलोमीटर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली, हिरवीगार. मुगलिंगला मर्स्यांगदी येऊन त्रिशूलीला मिळते. उजवीकडे काठमांडू, डावीकडे पोखरा. माझं काम काठमांडूला होतं पण मी डावीकडे वळलो, ते निघतानाच ठरवलं होतं.

23 ऑगस्टला तनहुँ जिल्ह्यात आइना पहारा इथे जी बस मर्स्यांगदीच्या काठावर कोसळली ती आपल्या लोकांची होती. पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली. 27 जण गेले, त्यातले बहुतेक वरणगाव आणि आजूबाजूच्या गावांतले. हवाई दलाच्या विमानाने जळगावला आणलं त्यांना. आमच्या गल्लीतल्या काकूंची बहीण त्यात होती. मी निघणार कळल्यावर काकू एका रुमालात 51 रुपये बांधून घेऊन आल्या, म्हणाल्या पशुपतिनाथाचं तेवढं राहिलं रे तिचं, तू ठेव.

आंबुखैरेनीला चहाच्या टपरीवर थांबून विचारलं. टपरीवाल्या दिदीने आधी बाइकची नंबरप्लेट बघितली, महाराष्ट्र? म्हणाली, आणि हातातलं काम टाकून रस्त्यावर येऊन कुठे ते हाताने दाखवलं. मग तोडक्यामोडक्या हिंदीत पहिलं काय विचारलं तर जे वाचले ते आता बरे आहेत का. जखमींना हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं होतं, त्यांचं पुढे काय झालं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तीन महिने ते तिच्या डोक्यात होतं. मला एकाच घरातलं माहीत होतं, तेवढं सांगितलं. त्या जागेवर बाइक साइडला लावून हेल्मेट काढलं, खाली नदीचा आवाज खूप मोठा येतो. पाचेक मिनिटं उभा होतो, फोटो काढला नाही.

मग परत मुगलिंग आणि काठमांडूचा रस्ता. नागढुंगाला बोगदा खोदून आरपार झालाय पण अजून चालू नाही म्हणून घाटच चढायचा, पुढे टिपर, त्याचा काळा धूर, व्हायजर खाली घेतला तरी डोळे चुरचुरत होते. वर पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि खाली सगळं खोरं दिव्यांनी भरलेलं, टोकच दिसत नव्हतं. तेव्हा मला एकदम वाटलं की त्या बसमधल्या बायाबापड्यांना हे त्याच संध्याकाळी दिसलं असतं, खिडकीतून एकमेकींना दाखवलं असतं. तिथे मात्र मला रडू आलं.

कलंकीच्या ट्रॅफिकमध्ये शिरल्यावर लक्षात आलं की एवढ्या गर्दीत हॉर्न जवळजवळ नाहीच. 2017 पासून इथे उगाच हॉर्न वाजवायला बंदी आहे आणि लोक ती पाळतात. माझा अंगठा सवयीने बटणावर जायचा आणि मी मागे घ्यायचो. एवढं मोठं शहर आणि आवाज नुसता इंजिनांचा.

आज पहाटे पशुपतिनाथ. चामडं आत चालत नाही म्हणून बेल्ट आणि रायडिंगचे ग्लोव्ह्ज बाहेर ठेवले. पश्चिमेच्या दारासमोर तो प्रचंड नंदी, रांग सरकत होती. रुमालाची गाठ काकूंनी इतकी पक्की मारली होती की सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. पन्नासची घडी घातलेली नोट आणि रुपयाचं नाणं. मावशींचं नाव घेऊन ठेवलं. बाहेर पडलो तर बागमतीच्या काठावर आर्यघाटावर दोन चिता जळत होत्या आणि पलीकडच्या पायऱ्यांवर माणसं शांत बसली होती, मीही बसलो.

काकूंना फोन केला. किती वाजता ठेवलेस ते विचारलं त्यांनी, इकडचे साडेसहा म्हणजे आपले सव्वासहा सांगितले. बरं, म्हणाल्या, तेव्हा मी देवापुढे दिवाच लावत होते.

रुमाल धुऊन खिडकीत वाळत टाकलाय, तो परत द्यायचाय. चेन सैल झालीये, उद्या टाइट करून घेईन आणि परवा निघेन, भन्सार 22 तारखेपर्यंतचा आहे. जाताना दिदीच्या टपरीवर परत थांबणार, त्याआधी वरणगावला फोन करून बाकीच्यांची खुशाली विचारून ठेवतो.