एकोणचाळीस पिलं

परवा चारच्या सुमारास रावेरकडे वादळ झालं आणि दादाची निम्मी केळी आडवी. काल जळगावहून पोचले तर दादा बांधावर नुसता बसलेला, तलाठी पंचनाम्याला कधी येतो याची वाट बघत. घड कापणीला महिनाभर बाकी होते, आता व्यापारी हात पण लावणार नाही.

आणि दादाचा पोरगा, दहा वर्षांचा, पडलेल्या खोडांमधून वाकून वाकून फिरतोय. काय रे करतोस, तर म्हणे, "पिलं मोजतोय आत्या, चाळीस झाली. मागच्या टायमाला पण पडली होती ना, आबांनी पिलांवरच बाग धरली होती." पिलं म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे नवे कोंब. बुंध्याशी खरंच तलवारीच्या पात्यासारखी हिरवीगार पिलं होती, चिखलाने माखलेली.

मला वाटलं लहान आहे, त्याला सोसायटीचं कर्ज काय कळणार. पण रात्री लाईट नव्हती, खिचडी खाताना हळूच विचारतो, "माझी सायकल आता नाही ना?" म्हणजे सगळं कळतंय की त्याला.

बी.एड.ला हवाईच्या कवाई बेटावरचा अभ्यास होता. 1955 साली जन्मलेली 698 मुलं, एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी मोठी होईपर्यंत बघितली. गरिबी, घरात भांडणं, आजारपण, अशातल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली. त्यांना जीव लावणारं निदान एक माणूस होतं आणि आपण काही केलं तर फरक पडतो असं त्यांना स्वतःला वाटायचं. तेव्हा पाठ करून पेपरात लिहिलं आणि विसरले. आमच्याकडे ते एक माणूस म्हणजे आबा, आणि आबांनी कधी धीर धर वगैरे सांगितलेलं मला तरी आठवत नाही, ते फक्त विळा घेऊन बागेत जायचे आणि पोराला सोबत न्यायचे.

शेजारच्या काकू मात्र येऊन "किती समजूतदार गं, रडला पण नाही" म्हणून गेल्या, मला ते आवडलं नाही. रात्री पोट दुखतंय म्हणून तो वहिनीच्या पदरात शिरला होता, ते त्यांना कुठे माहीत! मी त्याला म्हटलं, रडू आलं तर रड, पिलं काही पळून जात नाहीत. मग रडला थोडा.

आज सकाळी दादाचा हात ओढत त्याला बागेत घेऊन गेला. दादाने एका पिलाला बोट लावून बघितलं, म्हणाला हे कुजलंय.

"मग एकोणचाळीस," पोरगा म्हणाला आणि पुढच्या बुंध्याकडे गेला.