बारोलोत: जुनी रेड वाइन चाखताना

इटलीतल्या तुरिनहून आल्बा साधारण साठ किलोमीटर, तिथून नैर्ऋत्येला पंधरा किलोमीटरवर बारोलो हे गाव. ऑक्टोबरात सकाळी इथल्या दऱ्या धुक्यानं भरतात. धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात, आणि इथल्या नेब्बिओलो द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात.

याच द्राक्षाच्या इथल्या रेड वाइनलाही बारोलोच म्हणतात. कायद्यानं ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. ‘रिझर्वा’, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर 62. खरी मुरते ती मात्र पुढे, बाटलीत. ला मोर्रा गावची तुलनेनं लवकर मऊ होते, सेर्रालुंगा गावची जास्त वर्षं मागते.

मी चाखली ती 1996 ची. नाशिकची गडद लाल शिराझ वाइन डोळ्यांसमोर असेल तर हिचा रंग पाहून मन खट्टू होईल: फिकट विटकरी, कडेला नारिंगी. पण नेब्बिओलो मुळातच फिकट, आणि वयानुसार रंगद्रव्य व टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) एकमेकांना धरून तळाशी बसतात. रंग उतरतो त्याच कारणानं तुरटपणाही उतरतो. दोष ओळखायचा तो नाकानं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलंय, कितीही वेळ थांबलात तरी तो जाणार नाही.

तळाशी बसलेला हा गाळ कडवट लागतो, म्हणून बाटली किमान 24 तास उभी ठेवायची. जुनं बूच भुसभुशीत असतं. स्क्रू घातला की मधोमध तुटतं. दोन पात्यांचा चिमटा बुचाच्या दोन्ही अंगांनी सरकवून, पिळत वर काढायचा. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून एका धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतायचं. मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ ढवळलाच! मानेशी काळी रेघ दिसली की थांबायचं. तळाची पन्नासेक मिली गेली तर गेली.

हवा किती द्यायची? कोवळ्या बारोलोला दोन-तीन तास सोसतात. पंचवीस-तीस वर्षांची मात्र तासाभरातही विझू शकते, म्हणून आधी एक घोट घेऊन बघावं आणि मगच ठरवावं. वाइन 16 ते 18 अंशांवर हवी. आपल्याकडच्या तीस अंशांच्या खोलीत अल्कोहोलच नाकात चढतं.

ग्लासात पन्नास मिली पुरे. पहिला वास ग्लास न फिरवता घ्या, कारण नाजूक गंध आधी उडतात. गुलकंदाची आठवण देणाऱ्या सुकलेल्या पाकळ्या, मागून डांबर, सुकं अंजीर, ओली पानं. घोट दहा सेकंद तोंडात फिरवला की हिरड्यांवर तुरटपणा अजून जाणवतो, पण बोचत नाही. गिळल्यावर चव मिनिटभर रेंगाळली तर बाटली ऐन भरात आहे. आंबटपणाच उरला तर तिचा काळ सरला.

भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य सीमाशुल्काविना आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे त्यांना हलवू नका.