थुंकणाऱ्या कोळ्याच्या पाठीमागून

कोळ्यांच्या प्रयोगशाळेतलं माझं काम एरवी कंटाळवाणंच. पेटीत दोन कोळी सोडायचे, कॅमेरा चालू करायचा आणि नोंदवहीत वेळा टिपत बसायचं. त्या दिवशी मात्र जागेवरून उठवेना.

पेटीत होती पोर्शिया लॅबिएटाची मादी. उड्या मारणाऱ्या कोळ्यांमध्ये पोर्शिया ही प्रजाती जगावेगळी: हिला खायला आवडतात दुसरे कोळी, तेही त्यांच्याच जाळ्यात शिरून. दिसायला अगदी गबाळी. अंगावर केसांचे झुपके, पायांना झालर. स्थिर बसली की जाळ्यात अडकलेला पाचोळाच वाटते.

समोर होता साइटोडीस, म्हणजे थुंकणारा कोळी. तोंडातून चिकट डिंक नागमोडी फवारून भक्ष्याला जागच्या जागी जखडून टाकतो. उड्या मारणारे कोळी तर त्याचं नेहमीचं खाणं. तेव्हा शिकारी कोण आणि शिकार कोण, हे आधी ठरवून बसण्यात अर्थ नव्हता.

पंखा मी बंदच ठेवला होता. वाऱ्याने जाळं हललं की त्या हलण्याच्या आडून पोर्शिया भराभर पुढे सरकते, हे विल्कॉक्स, जॅक्सन आणि जेंटाइल या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलंय. ती सवलत आज तिला द्यायची नव्हती.

जाळ्याच्या कडेला येऊन ती थबकली. साइटोडीसचं तोंड नेमकं तिच्याकडे. बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग सरळ पाठ फिरवून चौकटीखाली उतरली. मी 'सोडून दिलं' असं लिहायला घेतलं, तर मॅडम म्हणाल्या, "अहो थांबा, इतक्यात लिहू नका."

खाली गेल्यावर तिला भक्ष्य दिसत नव्हतं, दिसणं शक्यच नव्हतं. तरी ती चौकटीच्या कडेकडेने चढत गेली, अडखळत, थांबत, आणि निघाली ती थेट साइटोडीसच्या पाठीमागे. तिथून एकेक पाऊल. साइटोडीस जरा हलला की ही गोठल्यासारखी. शेवटची झेप मला नीट दिसलीही नाही. पाहिली ती नंतर, कॅमेऱ्यात, एकेक चित्र पुढे सरकवत.

मग दुसरी जोडी लावली. या खेपेला साइटोडीसची मादी होती आणि तिने अंड्यांचा पुंजका तोंडात धरला होता. थुंकायचं तर आधी अंडी टाकावी लागतात, त्यामुळे ती सहसा थुंकत नाही. पोर्शिया तिच्यावर समोरूनच चालून गेली. वळसा नाही, काही नाही.

आमच्या या पोर्शिया प्रयोगशाळेतच वाढलेल्या. साइटोडीस त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. पण त्यांचं मूळ फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसचं, आणि तिथे थुंकणारे कोळी मुबलक. त्याच देशात उंचावर असलेल्या सगाडात हे कोळी आढळत नाहीत, आणि तिथल्या पोर्शियांमध्ये हा सावधपणा कमी आढळतो. जात तीच, पण पिढ्यान्‌पिढ्या शेजार वेगळा. वळसा आखणं हा तिथल्या तिथे केलेला हिशेब असेलही. समोरच्याची धास्ती मात्र वारशातच आलेली असावी, असं मला वाटतं.

सगाडावाल्यांची पाळी संध्याकाळी आली. पहिलीच समोरून गेली आणि डिंकात सापडली. मॅडमनी ओल्या ब्रशने तिला हलकेच सोडवलं. पाय सगळे शाबूत होते.