बारा मिनिटांचं प्रवचन

रविवार, रात्री

आज चर्चमधे मिस्सात (रविवारच्या प्रार्थनेत) फादर गर्भपातावर बोलले, बारा मिनिटं. माझं लक्ष प्रवचनापेक्षा बाकांकडेच जास्त (देवा माफ कर). पुढचे काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि माझ्या बाजूची बाई हातातल्या पत्रकाचा कोपरा दुमडायची, सरळ करायची, परत दुमडायची, शेवटी तो तुकडाच तिच्या मांडीवर पडला. बाहेर आल्यावर या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही.

मला आधी वाटायचं की यावर आपलं मत चर्चच घडवतं. शिकवण तर क्लिअर आहे, 1995 चं इव्हॅन्जेलियम व्हिटे हे पोपचं पत्र आहे, कॅनन लॉमधे, म्हणजे चर्चच्या कायद्यात, गर्भपाताला आपोआप लागणारा बहिष्कार आहे. पण हे वाचतं कोण? आईने तर नाहीच वाचलं आणि तिचं मत घरात सगळ्यात पक्कं. ते आलंय तिच्या दोन मिसकॅरेजमधून. तिसऱ्या महिन्यात गेलेल्या बाळाचं नाव ठरलेलं होतं, त्यामुळे "तेव्हा ते मूल नसतंच गं" असं कोणी बोललं की ती उठून आत जाते. मावशी त्याच घरातली, रोज रोझरी (जपमाळ) म्हणणारी, पण ती नर्स, लपूनछपून काहीतरी करून घेऊन आलेली बाई तिने डोळ्यासमोर जाताना बघितलीय. ती म्हणते पाप आहेच, पण कायदा मधे आणू नका. दोघी एकाच बाकावर बसतात!

अमेरिकेत प्यू रिसर्च या संस्थेच्या सर्व्हेत 10 पैकी साधारण 6 कॅथलिक म्हणतात की गर्भपात सगळ्या किंवा बहुतेक केसेसमधे कायदेशीर असावा, पण दर आठवड्याला मिस्साला जाणारे बहुतेक जण विरोधात. लगेच वाटतं, जो जास्त ऐकतो तो जास्त मानतो. मला शंका येते की उलटंही असेल, ज्यांना पटत नाही किंवा ज्यांच्यावर वेळ येऊन गेली ते हळूहळू यायचेच बंद होतात आणि मग बाकावर उरतात ते एकमताचे दिसतात. शिवाय तिथे पक्षही आहेच, रिपब्लिकन कॅथलिक आणि डेमोक्रॅट कॅथलिक यांची मतं आपापल्या पक्षासारखीच निघतात.

माझं मत कोणी हलवलं तर मैत्रिणीने. तिने गर्भपात केला होता, आणि त्यानंतर सहा वर्षं कन्फेशनला (फादरसमोर पापाची कबुली द्यायला) गेली नाही, तिला वाटायचं याला माफी नसतेच. 2016 ला पोप फ्रान्सिसनी सगळ्याच फादरना या पापाची क्षमा द्यायचा अधिकार कायमचा दिला, हे तिला मी फोनवर सांगितलं. बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "हे कोणी सांगितलं का नाही मला?"

आजच्या बारा मिनिटांतही नाही आलं ते. फादरना भेटून बोलायचं ठरवलंय, पण मागच्या वर्षीपण ठरवलंच होतं.